नसलेला कॅमेरा

फोटो हुकला तर दोष कोणाचा? तुम्हीआम्ही म्हणू, काढणाऱ्याचा. फार तर ढगांचा. आमचे भाऊजी हे मानत नाहीत. त्यांच्या मते प्रत्येक हुकलेल्या फोटोमागे एक न घेतलेला कॅमेरा असतो. तो हाताशी असता तर फोटो आलाच असता. मग ते तो घेतात. पुढचा फोटो हुकतो आणि त्यामागे वेगळाच कॅमेरा निघतो. या शास्त्रापायी अकोल्यातल्या त्यांच्या घरात आधी एक लोखंडी कपाट भरलं, मग दिवाण भरला आणि आता ताईच्या साड्या माळ्यावर राहायला गेल्या आहेत.

संग्रहात बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री आहे, एका रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा. रशियन झेनिट आहे, त्याचं वजन असं की फोटो नाही आला तरी चोर नक्की पळेल. दोन डोळ्यांची याशिका आहे. ऐंशीच्या दशकात ज्याच्या जाहिरातीतल्या ‘खटॅक’ने देशभरच्या पोरांना वेड लावलं तो हॉट शॉटही आहे, फक्त त्यातून आता खटॅक येत नाही. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून पावसाळ्यात काही लेन्सा तांदळाच्या डब्यात मुक्कामाला असतात. एकदा खिचडीसाठी तांदूळ काढताना ताईच्या मापात पन्नास एमएमची लेन्स आली. त्या दिवशी घरात खिचडी झाली नाही.

ताई बोलायला लागली की भाऊजींचा हुकमी बचाव ठरलेला. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्याकडे ४,४२५ कॅमेरे आहेत आणि गिनेस बुकात तशी नोंद आहे. ‘‘त्या हिशेबात मी तर निर्व्यसनी माणूस,’’ असं भाऊजी म्हणतात. ताईचा प्रश्न एकच असतो, ‘‘एवढे पुसते कोण?’’ गिनेस बुकाने हा मुद्दा विचारात घेतलेला दिसत नाही.

तर अशा गृहस्थाबरोबर मी वाशीम जिल्हा पाहायला निघालो. माझं पद हमालाचं. भाद्रपदाचे दिवस होते, सोयाबीन कमरेला लागलेलं. पातूरचा घाट चढून मेडशीवरून आम्ही मालेगावला पोचलो तेव्हा मांडीवर एक बॅग, पायाशी दुसरी आणि मानेमागे ट्रायपॉड होता. वाटेत भाऊजींनी तीनदा गाडी थांबवली. तिन्ही वेळा कुठला कॅमेरा काढावा हे ठरेपर्यंत ऊन गेलं.

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर आहे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा. देवासमोर कॅमेरा काढायचा नाही हा भाऊजींचा नेम, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. बाहेर पवळी मंदिराच्या कोरीवकामासमोर मात्र ते सुटले. अर्ध्या तासात त्यांनी फिल्मवर तीन फोटो काढले. फिल्मचा माणूस बोट दाबण्याआधी मनात हिशेब करतो: एवढे रोलचे, एवढे धुण्याचे, एवढे कुरिअरचे. हल्ली रोल धुवायला मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो, त्यामुळे फोटो कसा आला ते महिन्याने कळतं. तोवर तो चांगलाच आलेला असतो.

वाशीमला पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसून भाऊजींनी मला इतिहास सांगितला. हे गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतला राजा हरिषेण पाचव्या शतकातला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. म्हणजे अजिंठ्याच्या भिंतींवर जे रंगवलं गेलं त्यातल्या बऱ्याच पुण्याचा वाटा वाशीमकडे येतो. नकाशा पाहिल्याशिवाय ज्यांना वाशीम विदर्भात आहे की मराठवाड्यात हे सांगता येत नाही, त्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

अजिंठा आला की मेजर रॉबर्ट गिल येतोच. कंपनी सरकारने या माणसाला १८४४ साली अजिंठ्याची चित्रं नकलून काढायला नेमलं. वर्षानुवर्षं राबून त्याने कॅनव्हासवर नकला उतरवल्या, त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. पण मधल्या काळात गड्याने कॅमेरा हाती घेतला होता. लेण्यांचे आणि आपल्या शेजारच्या लोणारच्या देवळांचे फोटो त्याने काढले. तेव्हा काचेची पट्टी ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायचा, अशी तऱ्हा होती. उन्हाळ्यात वऱ्हाडात ओली गोष्ट किती वेळ ओली राहते हे इथल्या कोणालाही विचारा.

‘‘बघ,’’ भाऊजी म्हणाले, ‘‘किती सामान लागायचं बिचाऱ्याला!’’ मी मांडीवरच्या बॅगेकडे पाहिलं. गिलकडे निदान बैलगाडी असावी.

वाशीमहून आम्ही मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला गेलो. हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान. सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीला देशभरातून तांडेच्या तांडे येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या नंगारा संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आम्ही गेलो तो दिवस गर्दीचा नव्हता. एका ओट्यावर आरशांचा झगझगीत पोशाख घातलेल्या एक आजी बसल्या होत्या. हातभर बांगड्या, केसांतून खाली लोंबणारे दागिने. भाऊजींनी याशिका काढली, कमरेशी धरली, वरून वाकून पाहिलं. आजी अजिबात लाजल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि चेहरा असा लावला की मला कळलं, या कामात त्या भाऊजींपेक्षा मुरलेल्या आहेत.

फोटो झाल्यावर आजींनी हात पुढे केला. ‘‘दे.’’

‘‘काय, आजी?’’

‘‘फोटो.’’

‘‘पाठवतो ना. रोल धुवून आला की पोस्टानं.’’

‘‘समदे असंच म्हन्तेत,’’ आजी म्हणाल्या. ‘‘माहा फोटो लय गावाले गेला. माह्या घरी एकबी नाही आला.’’

भाऊजींच्या संग्रहात तिथल्या तिथे कागद बाहेर टाकणारा पोलरॉइडही आहे. पण त्यासाठी लागणारी फिल्म कंपनीने २००८ मध्येच बंद केली. आता दुसरे लोक ती बनवतात, आणि तिच्या एका पाकिटाच्या पैशांत दोन रोल येतात म्हणून भाऊजी ती घेत नाहीत. असला महाग कॅमेरा अकोल्याला दिवाणात आणि मागणारी आजी पोहरादेवीला. भाऊजींनी निदान लगेच केलं: इन्स्टॅक्स हवा होता. तो ते आजवर ‘पोरांचं खेळणं’ म्हणायचे. गाडीत बसेपर्यंत त्याला ‘ग्रामीण भागासाठी अत्यावश्यक’ असा दर्जा मिळाला होता.

मंगरूळपीर सोडून शेलूबाजारच्या पुढे समृद्धी महामार्ग दिसला. नागपूरहून मुंबईकडे जाणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता वाशीम जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. हिरव्या सोयाबीनमधून तो करडा पट्टा सरळ जाताना पाहून भाऊजींना उमाळा आला. एका बांधाजवळ गाडी लावून त्यांनी ट्रायपॉड उभा केला, त्यावर झेनिट चढवला आणि एक डोळा मिटून रस्त्याकडे रोखून पाहू लागले.

दोन मिनिटांत एक शेतकरीदादा आले. पाच मिनिटांत चौघे झाले. कोणीतरी पोराला चहा आणायला पिटाळलं.

‘‘आता कोन्ता रस्ता, भाऊ?’’

‘‘रस्ता नाही हो. फोटो काढतोय.’’

‘‘तेच म्हन्तो. मांगच्या खेपेलेबी पयले तिपाईच आली होती.’’

भाऊजींनी कॅमेरा दाखवला, लेन्स दाखवली, आपण निवृत्त बँकवाले आहोत हेही सांगितलं. त्याने संशय वाढला. जमीन मोजायला येणारा माणूस आपण मोजायला आलोय असं कधीच सांगत नाही, हा त्या भागाचा अनुभव. समृद्धीच्या वेळी थेट खरेदीत सरकारी दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या दारात गाड्या आल्या. दादांचं दुःख वेगळं होतं.

‘‘बाजूच्याचं वावर गेलं. त्यानं वाशीमले घर बांधलं. आमचं वावर हुकलं थोडक्यात. आमाले काय भेटलं? धूर.’’

असं म्हणून त्यांनी ट्रायपॉडचा एक पाय हळूच धरला. ‘‘जरासा इकडं घ्या न. तुमी तिपाई एवढी सरकवली का रस्ता आपोआप सरकते.’’

त्या क्षणी भाऊजींच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या उपकरणांना किंमत आली होती. चहा आला, सोबत मिरची भजे आले. खाल्ल्या भज्याला जागायचं म्हणून भाऊजींनी ट्रायपॉड खरोखरच दोन फूट सरकवला. मंडळी समाधानाने माना डोलावत राहिली.

मग दादांनी खिशातून मोबाइल काढला. काच उभी तडकलेली, कोपऱ्याला रबर बांधलेलं. ‘‘फोटोचं तुमाले समजते म्हन्ता, तं हे पाहा बरं.’’ काम ई-पीक पाहणीचं होतं. २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून पिकाचा फोटो अॅपवर चढवायचा असतो, तेव्हा सातबाऱ्यावर पेरा लागतो. नुकसानभरपाई, विमा, हमीभावाची खरेदी, सगळ्याला ती नोंद विचारतात. माणूस खरंच वावरात आहे का, हे अॅप उपग्रहाला विचारून घेतं.

‘‘ते म्हन्ते वावरात उभे राहा. मी वावरातच उभा हाये. त्याले पटूनच नाही राह्यलं.’’

भाऊजींनी मोबाइल वर धरला, खाली धरला, रेंजसाठी बांधावर चढले. बाकीचे तिघे ‘इकडं या’, ‘तिकडं नोका जाऊ’ असं मार्गदर्शन करत मागे. शेवटी बाभळीच्या उजव्या अंगाला अॅपची खात्री पटली. फोटो चढला. सोयाबीन हलल्यामुळे अस्पष्ट, कोपऱ्यात भाऊजींचा अंगठा. सरकारदरबारी मान्य झालेली भाऊजींची ही एकमेव कलाकृती.

‘‘तुमच्या त्या मोठ्यातून होते का हे?’’ दादांनी झेनिटकडे बोट केलं.

‘‘नाही.’’

‘‘मंग कायले वागवता?’’

हा प्रश्न ताईही विचारते, पण ती अकोल्याची असल्यामुळे इतकं सौम्य विचारत नाही.

कारंजा लाडला पोचलो तोवर भाऊजी गप्प होते. गाव मोठ्या थाटाचं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, जैनांची जुनी मंदिरं. एका व्यापाऱ्याने उंटांवरून विकायला आलेली सगळीच्या सगळी कस्तुरी विकत घेऊन हवेलीच्या चुन्यात कालवली, अशी कथा इथे सांगतात. ही ऐकून भाऊजींना एकदम हुशारी आली. ‘‘घ्यायचं तर असं. आणि लोक मला नावं ठेवतात!’’

कारंजा-सोहोळ अभयारण्य इथून जवळच आहे. क्षेत्र जेमतेम अठरा चौरस किलोमीटर, पण काळवीट पाहायचं तर इथे. गवत उंच होतं. वाटाड्याने बोट केलं आणि समोर, ढेकळाच्या अंतरावर म्हणावा असा, पिळदार शिंगांचा काळा नर उभा. भाऊजींच्या हातातल्या डिजिटलला छोटी लेन्स होती. मोठी दुसऱ्या बॅगेत. मी बॅग उघडली, त्यांनी छोटी लेन्स काढली, मी तिचं झाकण शोधू लागलो, त्यांनी मोठीचं मागचं झाकण माझ्या तोंडात दिलं. काळविटाने हे सगळं शांतपणे पाहिलं. त्याच्याइतका सोशिक प्राणी मी पाहिला नाही. लेन्स ‘टक्’ करून बसली आणि तो उडाला. ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत धावतो म्हणतात. आम्हाला पाठच तेवढी दिसली.

‘‘दोन बॉड्या पाहिजेत,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘एकीला छोटी कायमची, दुसरीला मोठी कायमची.’’ माझ्या तोंडात झाकण असल्यामुळे मला विरोध नोंदवता आला नाही.

संध्याकाळी शकुंतलेचं स्टेशन पाहिलं. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी ही अरुंद रुळांची गाडी ब्रिटिश कंपनीच्या मालकीमुळे देशभर गाजली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिने १९२३ पासून वापरलं, ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. आता गाडी बंद आहे आणि रुळांवर गवत आहे. भाऊजी फार हळहळले. वाफेचं इंजिन होतं तेव्हा ते याच गाडीने प्रवास करायचे. ‘‘पण तेव्हा माझ्याकडे एकच कॅमेरा होता रे,’’ ते म्हणाले. लोक लहानपणीची गरिबी सांगतात, तो आवाज. मी बोललो नाही, पण ताईच्या घरात भिंतीवर लावलेले जेवढे फोटो आहेत, भाच्यांची बारशी, आईचा अंगणातला, तुळशीजवळचा, ते सगळे त्या एका क्लिक थ्रीचे.

परत निघण्याआधी बाजारात एक जुना फोटो स्टुडिओ दिसला. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत. आत फळीवर दोन डोळ्यांची एक याशिका होती, खंडेनवमीचं वाळलेलं हळदकुंकू अजून तिच्या कपाळावर. स्टुडिओवाले काका जुन्या लग्नांच्या गोष्टी सांगू लागले. छत्तीस फोटोंचा रोल, त्यात पाहुणे दोनशे. रोल संपल्यावर नवरदेवाचा मामा राहिला तर वरात अडायची. मग रिकाम्या कॅमेऱ्याचा नुसता फ्लॅश मारून मामाला गप्प करायचं. भाऊजींनी याशिकेचा भाव विचारला. काका म्हणाले, ‘‘पूजेतला हाये. इकत नाही.’’ पण गिऱ्हाइकाचा पडलेला चेहरा त्यांना पाहवला नसावा. खणातून एक शटर अडकलेला, पट्टा तुटलेला कॅमेरा काढून त्यांनी फुकट दिला. भाऊजींनी तो रुमालात गुंडाळला. मी त्याच दुकानात मोबाइलमधला आजींचा फोटो छापून घेतला आणि मानोऱ्याकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पोहरादेवीला धाडला.

इन्स्टॅक्स येऊन पडला आहे. दुसरी बॉडी मागवली आहे. ताईने माझ्यामार्फत वाचकांना एक विनंती केली आहे: तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात एखादा जुना कॅमेरा पडून असेल, तर तो खुशाल कोणालाही द्या. फक्त भाऊजींना कळवू नका. पत्ता म्हणूनच इथे छापलेला नाही.