अमाल्फी, पाँडिचेरी आणि सुरमई

चेन्नई, 20 मे

ती. आईस,


कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत जमेल तेवढं लिहिते. पार्सल मिळालं. खडखडे लाडू पोरांनी दारातच संपवले. कुळथाची पिठी मी लपवली आहे, मंदारला सांगू नकोस. कालच्या फोनवर तू फारच घाबरलीस, म्हणून आधी तेच. आजी विचारते ना, "पोरांक घेऊन दर्यात खंय चल्लो तो?" तिला सांग, सध्या खंयच नाय.

मंदार रविवारी बंदरातल्या रॉयल मद्रास यॉट क्लबात शिडाची होडी शिकतो. क्लब 1911 चा, मंदारचा उत्साह त्याहून जुना. त्यात कोणीतरी त्याला इटलीतल्या अमाल्फी किनाऱ्याचे फोटो दाखवले. सालेर्नोहून शनिवारी होडी घ्यायची, अमाल्फी, पोझितानो, कापरी करत पुढच्या शनिवारी परत द्यायची. मी म्हटलं, आधी भाव विचार.

साडेचार हजार युरो! आपले साडेचार लाख, तेही नुसत्या होडीचे. परवाना नाही म्हणून कप्तान वेगळा, त्याचे रोजचे दोनशे युरो, वर त्याला जेवायला आपणच घालायचं. अगं, इतकं तर आपण जावयाचंही करत नाही. आणि कापरीला ऑगस्टात रात्रभर होडी बांधून ठेवायचे आणखी शेकडो युरो. बांधून ठेवायचे! बाबूकाका जन्मभर माडाला होडी बांधत आले, माडाने कधी पावती फाडली नाही. व्हिसाचे मोठ्या माणसाला 90 युरो नि 30 हजार युरोंचा विमा मी मोजायलाच घेतला नाही.

मग टूम निघाली, इथूनच पाँडिचेरीला जाऊ. पण हा किनारा पट्टीने आखल्यासारखा सरळ. वाटेत महाबलीपुरम आहे, पण वारा फिरला तर होडी आत घ्यावी अशी खोल खाडी कुठे नाही. पूर्वी मद्रासलाही गलबतं दूर उभी राहायची आणि काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून माणसं लाटांवर आपटत किनाऱ्याला लागायची. पुढे बंदर बांधायला घेतलं, तर 1881 च्या वादळाने त्याची वाट लावली. हे सगळं मंदारनेच वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, "दिलीप दोंदे 2010 मध्ये 'म्हादेई'तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेच ना!" मी म्हटलं, दोंदे नौदलातले, बाबा. तुला बसमध्ये ओकारी येते.

शालूमावशीच्या सुनेने केस कापले तर कापू देत की! मावशीने 'बॉबी' बघून काय केलं होतं ते सगळ्या मालवणाला माहीत आहे. कलमांच्या हद्दीवरून नंदू पुन्हा भांडला का? बाबांना मध्ये पडू देऊ नकोस.

मासे खातेस ना, विचारलंस. इकडे 15 एप्रिल ते 14 जून ट्रॉलरना बंदी. सुरमईला इथे वंजिरम म्हणतात आणि परवा ती किलोला पंधराशे सांगितली. मी कापलेल्या तुकडीकडे आदराने बघितलं आणि अंडी घेऊन आले. तुमची बंदी 1 जूनला लागणार, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा दोन्ही दर्यांवर उपवास. तेवढे दिवस तरी आपल्या ताटात सारखंच असेल.

काल रात्री मंदारने नकाशा पसरला तेव्हा मी हळूच तो पश्चिमेकडे सरकवला. विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण. जरा कुठे पुढे गेलं की मुक्कामाला खाडी हजर. इथे सूर्य समुद्रातून उगवतो नि बिल्डिंगांमागे मावळतो. अजून संध्याकाळी मी चुकीच्या बाजूला बघत उभी राहते. पोरं हसतात.

तर बाबांना विचार, दिवाळीनंतर वारा कसा असतो आणि बाबूकाका विजयदुर्गापासून सोबत येतील का. त्यांनाही जेवायला घालू. युरो मागू नयेत म्हणावं.

तुझी,
निलू

ता. क. पुढच्या पार्सलात सोडे पाठव, पण वर 'औषध' लिही. खाली वॉचमनने मागचा डबा हुंगून शेजारच्या मामींना बोलावलं होतं.