कूलरमधलं बिऱ्हाड

होळीची राख थंड होते न होते तोच नागपूरच्या नंदनवनात कूलरचा विषय निघतो. हिवाळाभर सांदवाडीच्या खिडकीत जुन्या चादरीखाली झोपलेली ती पत्र्याची पेटी उघडायची, टाकी घासायची, पंपाला जीव आहे का पाहायचं, बाजूच्या जाळ्यांतलं कुजकं गवत बदलायचं. काम घरातल्या कर्त्या पुरुषाचं. कर्ता पुरुष चादरीची गाठ सोडतो, आत डोकावतो आणि कॉलेज सुटल्यापासून कधी न गाठलेल्या वेगाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. पेटीच्या छताला आतून, एका बारीक देठावर करड्या कागदाचं पोळं उलटं लटकलेलं असतं. त्यावर तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा मिरवणाऱ्या गांधीलमाश्या पंख किंचित उचलून "काय काम आहे?" अशा पवित्र्यात बसलेल्या असतात.

गांधीलमाशीला कूलर आवडतो यात तिची काही चूक नाही. सावली, आडोसा, आणि चार-पाच महिने माणसाचा हात लागणार नाही याची खात्री. त्यात तिचं आणि नागपूरकराचं एक जुनं साम्य आहे. ऊन तापलं की ती पाणी शोधते, तोंडात थेंब भरून आणते, पोळ्यावर पसरते आणि पंखांनी वारा घालते. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतली पिल्लं वाचतात. कूलर याहून वेगळं काय करतो? ओलं गवत आणि मागे पंखा! हे तंत्र कोरड्या हवेत चालतं. म्हणून मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी नागपूर कूलरपुढे बसून आंबे खाऊ शकतं, आणि मुंबईच्या पाहुण्याला आपल्या दमट घरी तो लावून काहीच कसं होत नाही याचं कोडं पडतं. एकाच युक्तीवर जगणारी दोन बिऱ्हाडं एकाच पेटीवर हक्क सांगत होती. खटला अवघडच.

अशाच एका घरची हकिकत. बातमी फुटल्यावर घंटाभरात सांदवाडीत सभा भरली. शेजारचे भाऊजी कुंपणापलीकडूनच म्हणाले, "काही नाही वहिनी, टेंभा करा न बाप्पा. रात्री लावून द्या, एक माशी राहत नाही."

"आणि कूलर पेटला म्हणजे? तुमच्या घरचा देता का?" घरच्या काकूंनी विचारलं.

भाऊजी टेंभ्यापुरतेच उदार होते. मग भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामी, काहीच नका करू. हिवाळा आला का पोळं आपोआप रिकामं होते, व्हिडिओत सांगून राहिले." व्हिडिओ इंग्लंडचा होता. तिथे थंडीत जुनी वसाहत खरंच संपते, एकट्या तरुण राण्या तेवढ्या कुठेतरी दडून उन्हाळ्याची वाट पाहतात. आपल्याकडच्या या कूलरवाल्या जातीला हे वेळापत्रक मान्य नाही. तिचं पोळं बारा महिने चालू राहू शकतं. शिवाय चैत्रात कूलर लावायला निघालेल्या बाईला हिवाळ्यापर्यंत थांब म्हणणं हे भाच्यालाच शोभतं.

या जातीचं नाव रोपालिडिया मार्जिनाटा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्या कारकिर्दीची कितीतरी वर्षं तिच्यावर घालवली. एकेका माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यायचे आणि कोण काय करते ते टिपत बसायचं, असं ते काम. १९८३ साली त्यांनी आणि एन. व्ही. जोशी यांनी मांडलं, की पोळ्यातल्या माश्यांचे तीन गट पडतात : बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि चारा आणणाऱ्या. सांदवाडीतल्या सभेकडे पाहिलं असतं तर ठिपके देण्याचीही गरज पडली नसती. भाऊजी आणि भाचा हमरीतुमरीवर आले होते, कर्ता पुरुष प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि काकू तेवढ्या आत-बाहेर करत चहा आणत होत्या.

फरक एवढाच, की माश्यांमध्ये राणी बसणाऱ्यांत निघाली. ती कुणावर फारशी धावून जात नाही, डोळे वटारत नाही, अंडी घालते आणि गप्प असते. गंमत पुढे आहे. राणीला उचलून बाजूला केलं, की थोड्याच वेळात एक साधी कामकरी माशी भयंकर आक्रमक होते आणि दिसेल तिला हाणत सुटते. तीच वारसदार. काही दिवसांनी ती अंडी घालू लागते आणि मग पहिल्या राणीसारखीच मवाळ होते. ही वारसदार कोण, हे राणी असेपर्यंत शास्त्रज्ञांना ओळखता येत नाही. माश्यांना मात्र ते आधीच ठाऊक असावं असं प्रयोगांतून दिसतं. आपल्या पक्षांत याच्या बरोबर उलट असतं.

काकूंच्या सासूबाईंचं लक्ष कूलरकडे नव्हतंच. खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशीने मातीचं चिमुकलं मडकं केलं होतं, त्याला कोणी हात लावू नये अशी त्यांची ताकीद. ती अळीला आत कोंडते, अळी तिच्या ध्यासाने तिच्यासारखीच होऊन बाहेर पडते, हे त्यांनी कीर्तनात ऐकलेलं. भृंगी-कीटक न्याय तो हाच. प्रत्यक्षात कुंभारीण मडक्यात अंडं घालते, अळ्यांना डंख मारून लुळं करते आणि पिल्लासाठी शिदोरी म्हणून आत भरते. पिल्लू त्यांना खाऊन मोठं होतं आणि मडकं फोडून बाहेर येतं. बाहेर येणारी असते कुंभारणीची लेक, अळी कधीच पचलेली. सासूबाईंना हे समजावण्याची जबाबदारी सभेत कोणी घेतली नाही.

दुपारी टाकीच्या नळावर दुसऱ्या, आकाराने दांडग्या गांधीलमाश्याही येत होत्या. तपकिरी अंग, पोटावर पिवळा रुंद पट्टा. माणसं दारं लावून झोपतात त्या टळटळीत उन्हात ही जात जोमात असते. तिच्या पिवळ्या पट्ट्यातलं रंगद्रव्य सूर्यप्रकाश शोषून त्यापासून वीज तयार करण्यास मदत करतं, असं तेल अवीवच्या संशोधकांनी २०१० साली मांडलं. तिथल्याच शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये दाखवलं, की तिला ८० टक्के अल्कोहोल असलेलं साखरपाणी पाजलं तरी तिच्या वागण्यात वा आयुष्यात फरक पडत नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण हिला तिथे जाऊनही काही चुकल्यासारखं वाटणार नाही.

एवढ्यात कर्ता पुरुष उठला आणि त्याने लांब झाडू उचलला.

डंख फक्त मादीला असतो, कारण तो मुळात अंडी घालण्याचा अवयव. मधमाशीचा काटा माणसाच्या कातडीत अडकतो आणि तिचा जीव जातो. गांधीलमाशीचा अडकत नाही, ती पुन्हा पुन्हा मारू शकते. कुठे मारला तर किती दुखतं, हे मोजायला अमेरिकेतल्या मायकेल स्मिथने स्वतःच्या अंगावर २५ जागी मधमाश्या चावून घेतल्या. पहिला नंबर नाकपुडीचा आला, दुसरा वरच्या ओठाचा. तिसऱ्या जागेचं नाव कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात छापता येत नाही. २०१५ चं इग नोबेल त्याला आणि जस्टिन श्मिट या दुसऱ्या डंखतज्ज्ञाला मिळून देण्यात आलं.

कर्त्या पुरुषाला डंख मनगटावर बसला. स्मिथच्या मानाने स्वस्तात सुटका. मग चुना लावा, लोखंडाची किल्ली चोळा, तुळशीखालची माती लावा, असा गजर झाला. काकूंनी साबणाने धुऊन बर्फ लावला आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली किंवा श्वास लागला, तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठायचा, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तसं काही झालं नाही. मनगट फुगलं आणि घड्याळ दुसऱ्या हातावर गेलं.

शेवटी दरवर्षीचा कूलरवाला आला. गवताचा भारा खाली ठेवून त्याने आत एक नजर टाकली आणि "अंधार पडल्यावर येतो" म्हणून निघून गेला. आला तो हेल्मेट, रेनकोट आणि जाड हातमोजे घालून. पोळ्याखाली पिशवी धरली, पत्र्याच्या पट्टीने देठ कापला, पिशवीचं तोंड आवळलं. सभेला जेवढा चहा लागला, तेवढाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी वाचलेल्या काही माश्या त्याच जागी घिरट्या घालत राहिल्या. कूलर सुरू झाला तशी ती जागा ओली झाली आणि त्यांनी टाकीवर पाणी पिण्यापुरताच संबंध ठेवला. पुढच्या आठवड्यात काकूंना कुंपणापलीकडे, भाऊजींच्या अजून न उघडलेल्या कूलरच्या कडेला, नव्या पोळ्याचा देठ दिसला.

"भाऊजी, टेंभा करून देऊ का?"

"नाही वहिनी," भाऊजी घाईघाईने म्हणाले, "यंदा तसं काही फार तापून नाही राहिलं."