'कर' नाही त्याला डर कशाला

क्वेरी रेंगाळली की आमच्या साहेबांचं औषध ठरलेलं: "इंडेक्स लावा." असला तर आणखी एक लावा. टेबलात नवी ओळ घालताना या प्रत्येक इंडेक्सच्या रजिस्टरातही नोंद करावी लागते, हे त्यांच्या कानावर घालायची आमच्यात कुणाची छाती नाही.

मध्यंतरी एका ग्राहकाला 'कर'ने संपणारी आडनावं हवी झाली. महाराष्ट्रात अशी यादी मागणं म्हणजे अर्धी जनगणनाच. 'लाइक'पुढे टक्का आणि 'कर' टाकून क्वेरी सोडली. चहा पिऊन झाला तरी ती आपली फिरतेच आहे. "आडनावावर इंडेक्स आहे ना?" साहेब कडाडले.

होता. पण आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' लिहिलं, की ती न चालवता तो नुसता बेत सांगतो. त्याने सांगितलं: सिक्वेन्शियल स्कॅन. म्हणजे इंडेक्सकडे ढुंकूनही न बघता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पायपीट. साहेबांना तो स्वतःचाच अपमान वाटला. वास्तविक बी-ट्री इंडेक्स आडनावं पहिल्या अक्षरापासून लावतो. आगरकर एका टोकाला, हळदणकर दुसऱ्या. शेपटी धरून आलेल्या माणसाला तो बिचारा कुठे नेणार?

उपाय आहे, आणि तो भलताच विनोदी आहे. आडनाव उलटं करायचं आणि त्या उलट्या आडनावावर इंडेक्स लावायचा. मग 'कर'ने संपणारे सगळे 'रक'ने सुरू होतात, एका रांगेत. फक्त उलटताना मात्रा आणि अनुस्वार निराधार होतात. तेंडुलकरांचं जे काही झालं ते उच्चारायला जीभ धजावली नाही. पोस्टग्रेसला मात्र उच्चारायचं नसतं, क्वेरी चुटकीसरशी आली.

साहेबांना चेव आला. शहराच्या रकान्यावरही इंडेक्स झाला. विचारलं पुणे, पुन्हा सिक्वेन्शियल स्कॅन! टेबलातले बहुतेक लोक पुण्याचेच. पोस्टग्रेसच्या मूळ हिशेबात ओळीने पान वाचायचा खर्च 1, इकडून तिकडे उड्या मारत वाचायचा 4. सगळंच वाचायचं तर उड्या कशाला? बेत आखणाऱ्या प्लॅनरचं बरोबर होतं, पण साहेब सदाशिव पेठेतले. "पुण्याचं नाव घेतल्यावर इंडेक्स वापरत नाही म्हणजे काय!"

शेवटी त्यांना 'एक्सप्लेन अनालाइझ' दाखवलं. यात अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारीशेजारी दिसतात. अंदाज दहा ओळींचा, निघाल्या हजारो, असं दिसलं की प्लॅनरची माहिती शिळी झाली समजावं. दुसऱ्याचा अंदाज चुकलेला लेखी स्वरूपात मिळतो म्हटल्यावर साहेब हरखले. "आता ती जुन्या नोंदी डिलीट करायची क्वेरी घ्या. तिलाही लावा अनालाइझ. नुसतं बघायचंय."

अनालाइझ नुसतं बघत नाही, खरोखर चालवून बघतं. साहेबांचा फोन वाजला, ते खिडकीकडे वळले, तेवढ्यात मी वर 'बिगिन' आणि खाली 'रोलबॅक' लिहून घेतलं.