वार बदलला, उपास तोच

"ताई, आहात का हो? जरा कुंपणापाशी या. कढीपत्ता मागायला आलेय असं दाखवते, पण कढीपत्ता नकोय."

"ते कळलंच. कढीपत्त्यासाठी तुम्ही इतका हळू आवाज काढत नाही. बोला."

"कोपऱ्यावरच्या बंगल्यातला धाकटा. त्याची आई सांगत होती, पोरगं फार धार्मिक झालंय. आधी गुरुवार करायचा. सकाळपासून पोटात अन्न नाही, खोलीचं दार बंद, दुपारी साडेतीनपर्यंत कुणाशी बोलणं नाही. त्यांना वाटलं, नरसोबाच्या वाडीचं काहीतरी धरलंय. मग 2025च्या सप्टेंबरपासून एकदम मंगळवार सुरू. म्हणजे आता गणपतीचं."

"अगंबाई! वहिनी, ती निफ्टीची एक्स्पायरी. एनएसईवर आठवड्याचे ऑप्शन पूर्वी गुरुवारी संपायचे, त्या सप्टेंबरपासून ते मंगळवारी संपतात. आणि गुरुवारही त्याने सोडला नसेल. त्या दिवशी आता बीएसईवर सेन्सेक्सचे संपतात."

"म्हणजे दोन उपास?"

"दोन्ही कडक. बाजार बंद झाल्यावर सुटणारे."

"हसू नका हो. त्याचं स्थळ आलंय माझ्या भाचीला. बायोडाटावर लिहिलंय, 'ऑप्शन ट्रेडर, महिना दोन लाख'. तुमची सगळी नोकरी शेअर दलालाच्या ऑफिसात गेली, म्हणून तुम्हाला विचारते. हे ऑप्शन म्हणजे आहे तरी काय?"

"तुम्ही विश्रामबागेत प्लॉट बघितलात. भाव ठरला पन्नास लाख. लाखभर विसार दिलात आणि महिन्याची मुदत घेतलीत. महिन्यात भाव साठवर गेला, तरी तुम्ही पन्नासलाच घेणार. चाळीसवर आला तर तिकडे फिरकणार नाही, विसार बुडाला. कॉल म्हणजे हे. विसाराला म्हणायचं प्रीमियम. पुटचं उलट, तिथे ठरल्या भावाला विकायचा हक्क मिळतो."

"मग यात वाईट काय? गेला तर विसार गेला."

"इथेच पोरं फसतात. महिन्याची मुदत असती तर निदान श्वास घ्यायला वेळ. हा एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी दीडला घेत असणार, दोन तासांसाठी. त्याला ते 'हीरो-झीरो' म्हणतात. पाच रुपयांचे पन्नास झाले तर हीरो."

"आणि बहुतेक वेळा झीरो."

"बहुतेक वेळा. बरं, बाजार कुठे जाणार हे बरोबर ओळखूनही पैसे जातात. समजा सोमवारी निफ्टी 25,000वर आहे. याने 25,200चा कॉल 60 रुपयांना घेतला. मंगळवारी निफ्टी 25,180वर बंद झाला. बाजार वर जाणार म्हणाला होता, गेला की नाही?"

"गेला की. चांगला 180 अंक गेला."

"याच्या हातात शून्य. सुटा एक मिळत नाही, 65चा लॉट धरला तर 3,900 रुपये गेले. 25,260 ओलांडल्याशिवाय त्याला नफा नाही. किती वर जाणार आणि कधीपर्यंत जाणार, हेही बरोबर यावं लागतं. प्रीमियममध्ये भरलेली असते ती मुदत, आणि ती दर तासाला झिजते."

"म्हणजे भविष्य खरं ठरलं तरी दक्षिणा आपणच द्यायची!"

"वर बातमीचा हंगाम असला की प्रीमियम फुगतं. निकाल, बजेट, काहीही. बातमी येऊन गेली की फुगवटा उतरतो, मग भाव तुमच्या बाजूने हलला तरी प्रीमियम खालीच येतं."

"मग विसार देण्यापेक्षा घेणारं व्हावं की. मुदत झिजेल तसं आपल्याला मिळेल."

"वहिनी, हा विचार प्रत्येक हुशार माणसाच्या मनात येतो, आणि कित्येक महिने तो खराही ठरतो. रोज थोडं थोडं जमतं. मग येतो 4 जून 2024. आधीच्या शनिवारी लोकसभेचे एक्झिट पोल आले होते, सोमवारी निफ्टी 23,263वर बंद झालेला, सगळीकडे आनंदीआनंद. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली आणि बाजार 21,884वर बंद झाला. पुट विकून निवांत बसलेल्यांचं काय झालं असेल? विकणाऱ्याची कमाई प्रीमियमपुरती, तोट्याला मात्र तशी मर्यादा नाही."

"थांबा, दूध उतू जाईल, गॅस बंद करून येते... हं, सांगा. पण ताई, त्याच्या फोनवर मी स्वतः पाहिलंय हो. हिरव्या अक्षरात अठरा हजार. एका दिवसाचे."

"लाल अक्षरातला फोटो कुणी कधी पाठवलाय? आणि त्या अठरा हजारांतून खर्च वजा व्हायचा असतो. ऑर्डरमागे वीस रुपये दलाली धरा. दिवसात दहा वेळा घेतलं-विकलं की वीस ऑर्डरी, चारशे रुपये. वर 18 टक्के जीएसटी, झाले 472. महिन्याचे वीस दिवस धरले तर साडेनऊ हजारांच्या आसपास. एसटीटी हा कर आणि एक्स्चेंजचे आकार निराळे. नफा होवो, तोटा होवो, हे द्यावेच लागतात."

"पण सगळेच काही बुडत नसतील."

"बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024च्या सप्टेंबरात हिशेब मांडला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त लोकांनी फ्युचर्स-ऑप्शन केले. शंभरातले 93 तोट्यात. माणशी सरासरी दोन लाखांच्या घरात, सगळे मिळून 1.8 लाख कोटींच्या वर."

"उरलेल्या सातांत धाकटा असेल की!"

"असू शकेल. पण खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा काढलेले शंभरात एक होते. लाख, तोही तीन वर्षांत मिळून. तुमच्या बायोडाटावर महिना दोन लाख लिहिलंय."

"अगं आई!"

"2023-24मध्ये हे करणाऱ्यांत तिशीच्या आतले 43 टक्के होते. पाऊणहून जास्त लोकांनी वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलेलं. आणि 72 टक्के लोक मोठी तीस शहरं सोडून बाहेरचे. म्हणजे आपल्यासारख्या गावांतले. मुंबईची हौस आता सांगलीच्या आळीत आलीय."

"सरकार झोपलंय की काय?"

"नाही, सेबीने आवळलं. नोव्हेंबर 2024पासून कराराची किमान किंमत 15 लाख केली, म्हणून निफ्टीचा लॉट तेव्हा 25वरून एकदम 75वर गेला, 2026च्या जानेवारीत तो 65 झाला. एका एक्स्चेंजला आठवड्याची एकच एक्स्पायरी ठेवली, बँक निफ्टीची साप्ताहिक त्यात गेली. तरी 2024-25मध्ये 91 टक्के लोक तोट्यात राहिले आणि एकूण तोटा 1.05 लाख कोटींच्या पुढे गेला."

"इतके पैसे जातात तर कुणाकडे तरी येत असतील ना?"

"येतात. समोरच्या बाजूला मोठ्या दलाली पेढ्या आणि परदेशी कंपन्या बसलेल्या असतात. त्यांचा बहुतेक सगळा नफा संगणकाने आपोआप टाकलेल्या ऑर्डरींतून येतो. जेन स्ट्रीटचं ऐकलं असेल तुम्ही. जुलै 2025मध्ये सेबीने त्या अमेरिकी कंपनीवर ठपका ठेवला, बँकांचे शेअर आधी घेऊन आणि मग विकून निर्देशांक हलवला आणि ऑप्शनमध्ये कमावलं म्हणून. 4,843 कोटी रोखायचा आदेश निघाला. कंपनीने आरोप नाकारला आणि अपील केलं. कोण खरं ते ठरेल तेव्हा ठरेल. पण धाकटा दार बंद करून ज्यांच्याशी खेळतो, ते हे."

"एक विचारू? आमच्या सांगलीत हळदीचे वायदे व्हायचे की. आमचे सासरे करायचे. त्यांना तर कधी कुणी जुगारी म्हटलं नाही."

"कारण त्यांच्या गोदामात हळद होती. भाव पडला तर वायद्यात मिळायचं, चढला तर हळदीत. ज्याच्याकडे माल आहे त्याच्यासाठी ही सोय आहे. ऑप्शनही मुळात तेवढ्यासाठीच. शेअर हातात असेल तर त्यावर चढ्या भावाचा कॉल विकायचा, प्रीमियम खिशात. शेअर फार चढला तर ठरल्या भावाला द्यावा लागतो, म्हणजे जो शेअर सोडवत नाही त्यावर हे करायचं नाही. नाहीतर पडझडीची भीती असेल तेव्हा पुट घ्यायचं."

"मग आमच्या ह्यांनी घ्यावं का पुट? चार लाखांचे म्युच्युअल फंड आहेत, आणि दिवाळीनंतर धाकटीच्या कॉलेजची फी आहे."

"निफ्टी 25,000 धरला तर 65चा लॉट म्हणजे सव्वासोळा लाखांचा करार. तुमचे आहेत चार लाख. उरलेल्या बारा लाखांपुरतं ते पुट म्हणजे पडझडीवर लावलेली पैजच. त्यापेक्षा फीपुरते फंड आत्ताच विकून एफडीत टाका. लहान गुंतवणूकदाराला याहून स्वस्त पुट मिळत नाही."

"हे बरं सांगितलंत. यात प्रीमियमही नाही आणि मंगळवारही नाही. पण भाचीचं काय करू? मुलगा वाईट नाहीये हो. व्यसन नाही, आईला जपतो."

"मग सरळ विचारायचं. फ्युचर्स-ऑप्शनचं उत्पन्न धंद्याचं धरतात, त्यामुळे आयटीआर-3 भरावा लागतो. नफा झाला असेल तर त्यात दिसेलच. आणि तोटा झाला असेल तरी शहाणा माणूस तो दाखवतो, कारण वेळेत रिटर्न भरलं की तो आठ वर्षं पुढे ओढता येतो. पगारातून वजा होत नाही, पण पुढच्या धंद्याच्या नफ्यातून होतो. तोटा नीट मांडलेला असेल तर मुलाला हिशेब कळतो असं समजा. रिटर्नच भरलं नसेल तर मात्र..."

"म्हणजे फोटो बघायचा नाही, रिटर्न बघायचं."

"एका वर्षाचं पाहून उपयोग नाही. बाजार चढता असला की त्या वर्षी सगळेच हुशार ठरतात."

"ठरलं तर मग. रविवारी बोलणी आहेत. पत्रिका आमचे भटजी बघतील. मी भावाला सांगते, मुलाकडून तीन वर्षांचे आयटीआर-3 माग, आणि ते आमच्या ताई बघतील."

"अहो, मला कशाला मध्ये घालता!"

"मग काय, मी वाचू? या रविवारी चहाला. आणि ताई, त्याच्या आईला मात्र यातलं काही बोलू नका हं. त्या परवाच एकवीस मोदकांचा नवस बोलल्यात."