फाळका उतरवून दार बसवण्याचे शास्त्र

ज्यांच्या इमारतीखाली महिंद्राची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप उभी आहे आणि घरच्या कोणत्याही कामाला ज्यांना सवड नसते, अशा कळव्यातील सद्गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन. जीपच्या मागे साखळ्यांवर लोंबणारा फाळका उतरवून तिथे बाजूला उघडणारे घरंदाज दार बसवायचे, एवढाच विषय.

आधी थोडा इतिहास. मिस्त्रीसमोर वजन पडते. लढाईतल्या विलीज जीपचे मागे काहीच उघडत नसे. अखंड पत्रा, त्यावर स्टेपनी. 1945 साली शेतकऱ्यांसाठी सीजे-2ए निघाली तेव्हा फाळका आला आणि स्टेपनी बाजूला सरकली. पुढे याच घराण्यातल्या जीपची जुळणी महिंद्रांनी माझगावला सुरू केली. कळव्यात शेती उरली नाही, तरी फाळक्याला काम होते: खारेगावच्या फाटकात अडकले की तो पाडून त्यावर शेंगदाणे खात बसता येई. जानेवारी 2022 मध्ये तिथे उड्डाणपूल सुरू झाला आणि फाळका बेकार झाला.

आता मापे. लोक टेप घेऊन जीप मोजत बसतात. आधी जीप आणि मागची भिंत यांतले अंतर मोजा. फाळक्याला पडायला त्याच्या उंचीइतकी जागा पुरते, दाराला मात्र रुंदीइतकी लागते, आणि मध्ये कोणाची तरी स्कूटर असतेच. म्हणजे नवे दार घरी कधीच उघडणार नाही. हे घरात सांगू नये.

बिजागऱ्या उजव्या बाजूला घ्या. आपली वाहने रस्त्याच्या डावीकडे थांबतात, तेव्हा उतरणारा फुटपाथावर उतरला पाहिजे, फुटपाथ सापडल्यास. मिस्त्री म्हणेल, ‘भाऊ, डावीकडे सोपं पडतं, कशाला टेन्शन घेता?’ त्याला चहा पाजावा आणि पुन्हा उजवीकडेच बोट दाखवावे.

यापुढे थट्टा नाही. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडा. फाळका निघाला की मागची चौकट मोकळी होते, म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा एक अँगल तात्पुरता मारा. नाहीतर तापून चौकट फाकते आणि दार जन्मभर बसत नाही. पत्रा 18 गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, आणि आतून चौकोनी पाइपची फ्रेम. बिजागरी नुसत्या पत्र्याला कधीही जोडू नका. मागे जाड पट्टी हवीच. आधी फक्त टाके मारून दहादा उघडझाप करा, मग पूर्ण वेल्ड. स्टेपनी दारावर टांगायचा मोह होईल. ती हातात धरून दहा मिनिटे उभे राहा, मोह जातो.

खाडीच्या हवेचा पत्र्यावर विशेष लोभ आहे, तेव्हा सांध्यांवर त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. दाराच्या तळाला पाणी निघायला भोके ठेवा आणि पेंटर आला की तिथेच उभे राहा. तो ती लांबीने बुजवतो. त्याला ती भोके म्हणजे आधीच्या कारागिराची हयगय वाटते.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रूपात मनमानी बदल करू देत नाही आणि 2019च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बदलाला, प्रत्येक बदलामागे, 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दार एक, की दार, बिजागरी, कडी असे तीन, हा वाद रस्त्यावर घालू नये. आरटीओत आधी विचारावे. तिथे बहुधा ‘मूळ फाळका कुठे आहे?’ असे विचारतील. म्हणून तो भंगारात घालू नका. गॅलरीत ठेवा. त्यावर कुंड्या छान बसतात.