आवर्तसारणी पाठ करा, कळू देऊ नका

दहावीच्या विज्ञानात दुसराच धडा मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा. घाबरू नका. रसायनशास्त्राशी गाठ न पडताही हा धडा पैकीच्या पैकी गुण घेऊन ओलांडता येतो. आजवर कित्येकांनी ओलांडला आहे, त्यातले काही पुढे तो शिकवतातही. खालच्या सूचना क्रमाने पाळा.

१. आधी चौकटी मोजा. ११८ चौकटी, १८ उभे गण, ७ आडवी आवर्तने. एका गणातली मूलद्रव्ये एका कुळातली, त्यामुळे एकाचा स्वभाव कळला की बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो, असे कोणी सांगू लागले तर नम्रपणे विषय बदला. अंदाज बांधण्याला गुण नसतात. बिचाऱ्या मेंडेलीव्हला हे ठाऊक नव्हते. १८६९ साली जेमतेम ६३ मूलद्रव्ये माहीत होती. त्याने सारणीत रिकाम्या जागा सोडल्या आणि ॲल्युमिनिअमच्या खालच्या घरात जो येईल त्याचे गुणधर्म आजूबाजूच्यांवरून सांगून टाकले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ब्वाबोद्राँला ते मूलद्रव्य सापडले, गॅलिअम. त्याने घनता मोजली, ती ४.७ भरली. मेंडेलीव्हने गॅलिअम डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, तरी त्याने कळवले की नमुना नीट शुद्ध करा, घनता ५.९ च्या आसपास यायला हवी. शुद्ध केल्यावर तेवढीच आली. आपल्याकडे हाच मुलगा 'पुस्तकाबाहेरचे लिहितो' म्हणून निम्म्या गुणांवर अडला असता. तुमच्या वाट्याला रिकाम्या जागा फक्त प्रश्नपत्रिकेत येतील. त्या भरायच्या, सोडायच्या नाहीत.

२. मंत्र मिळवा. क्लासमध्ये तो तयार मिळतो, बहुतेक वेळा हिंदीत. मराठी माध्यमाला वेगळी सवलत नाही. दुसऱ्या गणासाठी 'बेटा मांगे कार स्कूटर बाप राजी': बेरिलिअम, मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, स्ट्राँशिअम, बेरिअम, रेडिअम. हुंड्याचा वास आला तर नाक दाबून म्हणा. पाढ्यांसारखा वेग आला पाहिजे. म्हणताना इकडेतिकडे बघू नका. आजोबांच्या पानाच्या डब्यातला चुना कॅल्शिअमचा, दिवाळीत आकाशात फुटणारा लाल रंग स्ट्राँशिअमचा आणि हिरवा बेरिअमचा, पोटाचा एक्स-रे काढण्याआधी पाजतात ते पांढरे पाणीही बेरिअमच्याच संयुगाचे, असे एकेक दिसू लागले की जीभ अडखळते.

३. प्रयोग टाळा. यासाठी तुम्हाला काहीच करावे लागणार नाही, शाळा मदत करते. सोडिअम रॉकेलमध्ये बुडवून बाटलीत ठेवलेला असतो, बाटली कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्या सरांकडे ते निवडणुकीच्या कामावर. तेव्हा मागच्या वर्षीच्या एखाद्या ताईची जर्नल मिळवा. निरीक्षण: सोडिअम पाण्यावर सैरावैरा धावतो, वायू निघतो, फिनॉल्फ्थॅलिन घातल्यावर पाणी गुलाबी होते. शुद्धलेखनाच्या चुकांसकट उतरवा. चूक दुरुस्त केलीत तर स्वतः लिहिल्याचा संशय येतो. सोडिअम सुरीने कापता येतो आणि सीझिअम २८.५ अंशांना वितळतो, म्हणजे मे महिन्यातल्या नागपुरात तो बंद नळीत तुमच्यासमोर पातळ होईल. हे कोणी विचारत नाही. टाकून द्या.

४. 'गणात खाली जाताना अभिक्रियाशीलता वाढते की घटते?' हा प्रश्न येणारच. पहिल्या गणात वाढते, सतराव्यात घटते. कारण दोन्हीकडे एकच लिहा: अणूचा आकार वाढत जातो.

पंचाईत अशी की हे बरोबर आहे. पहिल्या गणातल्या अणूला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो, आणि तो केंद्रकापासून जितका लांब तितका सहज सुटतो. सतराव्यातल्याला एक मिळवायचा असतो, आणि बाहेरचे कवच जितके लांब तितकी केंद्रकाची ओढ कमी. म्हणून तिकडे तळाजवळचा सीझिअम पाण्यात पडताच स्फोट करतो, आणि इकडे माथ्यावरचा फ्लोरिन इतका दांडगा की १८८६ मध्ये म्वासाँने त्याला वेगळे काढेपर्यंत त्या नादात काही रसायनतज्ज्ञांचे जीव गेले. हा परिच्छेद दोनदा वाचू नका. दुसऱ्यांदा कळतो, आणि एकदा कळला की पाठ करण्यासारखे फारसे काही उरत नाही. मग क्लासची फी कशासाठी भरली?

५. हॅलोजन: दोन वायू, एक द्रव, एक स्थायू. दोन गुण. पुढे चला.

६. राजवायूंपुढे डोळे मिटून 'निष्क्रिय' लिहा. १९६२ मध्ये नील बार्टलेटने झेनॉनचे संयुग करून दाखवले, पण त्याने आपल्या पेपर तपासनिसांना आधी विचारले नव्हते. हेलिअमसाठी सहल विजयदुर्गाला न्या. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी या वायूच्या शोधाची कथा जोडलेली आहे, आणि किल्ल्यावर 'साहेबाचा कट्टा' दाखवून खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथूनच ते पाहिले असे सांगतात. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होता. कट्ट्यावर फोटो काढा, तारीख पाठ करा, साहेबाची चौकशी करू नका.

७. तोंडी परीक्षेत काहीच सुचले नाही तर 'हायड्रोजनचे स्थान निश्चित नाही' असे म्हणा. प्रश्न कोणताही असो, परीक्षक मान डोलावतात.

८. शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी विसरायला घ्या. सुरुवात अठराव्या गणापासून करा. त्यांचा कोणाशी संबंध नव्हताच. मग हॅलोजन, मग संक्रामक मूलद्रव्ये, जी मुळात आठवणीत आलीच नव्हती. 'बेटा मांगे' मात्र जाणार नाही. पन्नाशीत लग्नाच्या पंगतीतही तो ओठांवर येईल. शेजारच्या पाटावरच्या भाचीने विचारले, "मामा, स्ट्राँशिअम म्हणजे काय हो?" तर वाढप्याला जिलबी आणायला सांगा आणि ठामपणे उत्तर द्या: स्कूटर.