भूमिका मिळेल, पण जिप्सीची नाही

पडद्यावर जिप्सी उभा करायला फार खर्च येत नाही. एक रंगीत गाडा, एक घोडा, शेकोटी, कानांत मोठाल्या रिंगा आणि हात बघून भविष्य सांगणारी एक म्हातारी. एवढ्या सामानावर युरोप-अमेरिकेच्या सिनेमाने शंभराहून अधिक वर्षं निभावून नेली. ज्यांना जिप्सी म्हणतात त्या खऱ्या रोमा माणसाची त्यात अडगळच झाली असती.

शिवाय उमेदवार काही कमी नव्हते. १९४७च्या ‘गोल्डन इअररिंग्ज’मध्ये बर्लिनच्या मार्लेन डीट्रिश तोंडाला काळपट रंग फासून जिप्सी झाल्या. फ्रेंच लेखक ह्यूगोच्या कादंबरीतली जिप्सी एस्मेराल्डा १९३९मध्ये आयर्लंडच्या मॉरीन ओहारा यांनी केली, १९५६मध्ये इटलीच्या जीना लोलोब्रिजिदा यांनी, १९९७मध्ये मेक्सिकोच्या साल्मा हायेक यांनी. अर्थात मूळ पुण्याई ह्यूगोसाहेबांची. त्यांची एस्मेराल्डा जिप्सी नाहीच मुळी. जिप्सींनी पळवून आणलेली ती फ्रेंच बाईची लेक. जगातली सर्वांत गाजलेली जिप्सी पोरगीसुद्धा बाहेरूनच आणलेली! २०००च्या ‘स्नॅच’मध्ये ब्रॅड पिट आयरिश ट्रॅव्हलर झाले. ट्रॅव्हलर हे रोमांहून वेगळे लोक, पण ज्यांच्या घराला चाकं ते सगळे एकच, इतकी समदृष्टी सिनेमावाल्यांकडे असतेच.

(आपण गालातल्या गालात हसू नये. १९९१च्या ‘बंजारन’मध्ये श्रीदेवी होत्या. त्या भूमिकेसाठी कुणी तांड्यावर चौकशी केल्याचं ऐकिवात नाही.)

मग खरे रोमा कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत? आले की. हिटलरच्या लाडक्या दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल यांनी ‘टीफलांड’साठी साल्झबुर्गजवळच्या माक्सग्लान आणि बर्लिनच्या मार्त्सान छावण्यांमधून रोमा आणि त्यांचेच भाईबंद सिंती अशी माणसं आणली, लहान मुलांसकट. पण जिप्सी म्हणून नव्हे, स्पॅनिश गावकरी म्हणून! काम आटोपल्यावर त्यांतल्या अनेकांची रवानगी आउशवित्झला झाली. चित्रपट १९५४मध्ये झळकला. युद्धानंतर ती सगळी माणसं आपल्याला भेटली, कुणाच्याही केसाला धक्का लागलेला नव्हता, असं बाई सांगत राहिल्या. २००२मध्ये, ऐन शंभरीत, त्यांना हे बोलणं थांबवण्याचं लेखी द्यावं लागलं.

२००६च्या ‘बोरात’मध्ये भूमिका आणखी पूर्वेला सरकली. रोमानियातल्या ग्लोद गावचे रोमा पडद्यावर कझाक झाले. आपल्यावर माहितीपट होतोय असं आपल्याला सांगितलं होतं, अशी तक्रार घेऊन गावकरी न्यूयॉर्कच्या न्यायालयापर्यंत गेले. दावा टिकला नाही. तिकडे कझाकस्तानचं सरकार वेगळंच चिडलेलं. एकाच गावात दोन समाजांची अब्रू निघाली. चित्रीकरणाचा खर्च असा वाचवावा!

टीव्हीचं मात्र तसं नाही, तिथे माणसं अस्सल. ब्रिटनच्या चॅनेल ४ने ‘बिग फॅट जिप्सी वेडिंग’ काढलं आणि लग्नातल्या झग्याचा घेर म्हणजेच अख्खा समाज, हे घराघरांत पोचवलं. २०१२मध्ये नव्या हंगामाच्या जाहिराती लागल्या: आणखी मोठं, आणखी जाडं, आणखी जिप्सी. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने त्या आक्षेपार्ह ठरवल्या. आधीच्या झग्यांवर बोलणं तिच्या अखत्यारीत नसावं.

एक भूमिका तेवढी रोमांसाठी कायमची राखीव आहे, मुलं पळवणाऱ्याची, तीही पडद्याबाहेर. पडद्यावर ती जुनीच: अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथ यांनी १९०८मध्ये दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटात जिप्सी एका गोऱ्या मुलीला पळवून पिंपात कोंबतो. २०१३मध्ये ग्रीसमध्ये एका रोमा जोडप्याकडे सोनेरी केसांची मुलगी दिसली आणि जगभरच्या वाहिन्यांनी तीच गोष्ट दिवसरात्र चालवली. डीएनए चाचणीत तिचे आईबाप बल्गेरियातले रोमाच निघाले. त्याच महिन्यात आयर्लंडमध्ये पोलिसांनी दोन रोमा घरांतून दोन गोरी मुलं उचलली. मुलं त्यांचीच ठरली, परत दिली. पळवणारे पोलीस होते, एवढाच काय तो पटकथेत बदल.

तरी एकाला रोमा म्हणून काम मिळालं. बोस्नियातला भंगार गोळा करणारा नाझिफ मुयिच. विमा नाही आणि पैसे नाहीत म्हणून इस्पितळाने त्याच्या बायकोची शस्त्रक्रिया नाकारली होती. दिग्दर्शक दानिस तानोविच यांनी त्यावर चित्रपट केला आणि नवरा-बायकोंनी आपापल्या भूमिका केल्या. २०१३च्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून नाझिफला रुपेरी अस्वल मिळालं. टाळ्या ऐकून त्याला वाटलं, या देशात आपल्याला जागा असेल. जर्मनीकडे त्याने आश्रय मागितला. तो नाकारला गेला. तो पुन्हा भंगाराकडे वळला, अस्वल विकलं आणि २०१८मध्ये गरिबीतच गेला.

त्याच्या आयुष्यावर आता एखादा भव्य चित्रपट निघायला हरकत नाही. ब्रॅड पिट यांच्या तारखा कुणीतरी विचारून ठेवा.